पुलाच्या गोळ्या

कापूस फुटायला लागला की मला खोकला आठवतो. लोकांना दिवाळी आठवते, थंडी आठवते, तुरीच्या शेंगा आठवतात. मलाही आठवतात, नाही असं नाही. पण आधी खोकला.

वर्ध्यात माझ्या घरासमोरून रस्ता जातो. कार्तिक लागला की त्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात. पूर्वी बैलबंड्या असत, आता ट्रॅक्टर असतात. मागे पांढरा डोंगर, त्यावर आडवा पडलेला एखादा माणूस. गाडी गेली की कापसाचे तूस हवेत तरंगत राहतात, कडुनिंबाला चिकटतात, माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना चिकटतात. मी बाहेर येऊन साड्या झटकते, आणि झटकता झटकता नाकात तो वास जातो. सरकीचा, उन्हाचा, थोडा धुळीचा. मग काही मी साड्या झटकत नाही. तशीच उभी राहते.

आमचं गाव सेलूच्या बाजूचं. गाव आणि आमचं शेत यांच्यामध्ये एक नाला आहे. पावसाळ्यात तो आडदांड, हिवाळ्यात घोट्याएवढा, उन्हाळ्यात नुसती वाळू. कापसाच्या दिवसांत त्यात थंडगार पाणी असायचं. सकाळी वेचणाऱ्या बाया लुगडी वर खोचून, चपला हातात घेऊन, 'आई वो, आई वो' करत तो ओलांडायच्या. पाणी पायाला चावायचं आणि त्या हसायच्या. त्या हसण्यात सगळ्यात वरचा आवाज कौसल्यामावशीचा.

कौसल्यामावशी आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या टोळीची पुढारी. राहायची बौद्धपुऱ्यात. उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत. दोन्ही हातांनी वेचायची, आणि कमरेला बांधलेली ओटी इतक्या लवकर भरायची की बाकीच्या बाया तिला 'मशीन' म्हणायच्या. मला बोंडातून कापूस काढायला तिनंच शिकवलं. टरफलाचं टोक बोटात न घुसू देता, पाला न येऊ देता, अलगद. मी चुकले की म्हणायची, "पोरी, कापूस वेचून राह्यली का झाडाचे केस उपटून राह्यली?" आणि स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसायची.

माझे बाबा त्या भागाचे जिल्हा परिषदेचे सदस्य. गावात त्यांना सगळे 'भाऊ' म्हणत, आणि त्यांच्या माघारी 'पुलाचे भाऊ'. कारण बाबांना पुलांचं वेड होतं. कुठं ओढा दिसला, ओहळ दिसला, नुसती पाण्याची धार दिसली तरी बाबांच्या डोळ्यांत पूल उभा राहायचा. त्यांनी मंजूर करून आणलेले पूल आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या काहींखालून पाणी कधी गेलंच नाही. पण प्रत्येकावर दगडी पाटी आहे आणि पाटीवर बाबांचं नाव आहे. आम्ही एसटीनं नातेवाइकांकडे निघालो की बाबा खिडकीशी बसायचे आणि पूल आला की कोपरानं आईला ढोसायचे. आई डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायची. मला बाबांची गंमत वाटायची आणि प्रेमही वाटायचं, कारण त्यात लबाडी नव्हती. माणसाला आपलं काम दिसावं असं वाटतं, एवढंच होतं ते.

आमच्या स्वतःच्या नाल्यावर मात्र पूल नव्हता. सदस्यानं आधी स्वतःच्या शेताचा रस्ता केला असं कुणी म्हणू नये म्हणून बाबांनी तो शेवटी ठेवला होता. अखेर तो मंजूर झाला. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझं डी.एड. झालं होतं, नोकरी लागायची होती, मी घरीच होते. बाबा संध्याकाळी नाल्याच्या काठावर जाऊन उभे राहत. "इथून चढ येईन, अन् इथं पाटी," असं मला दाखवत.

त्याच्या आदल्या हंगामात कौसल्यामावशी खोकायला लागली होती.

आता हे आमच्याकडच्याच माणसांना कळेल. वेचणीच्या दिवसांत सगळंच गाव खोकतं. तूस नाकातोंडात जातात, घराच्या ओसरीत कापसाची गंजी लागलेली असते, तिच्यावर पोरं उड्या मारतात, म्हाताऱ्या तिच्याच शेजारी झोपतात. कुणी खोकला की म्हणायचं, "कापूस बाधला." गुळाचा खडा चघळायचा, विषय संपला. मावशी खोकली तेव्हाही सगळ्यांनी तेच म्हटलं. आईनं म्हटलं, बाबांनी म्हटलं, मीही म्हटलं. मावशी स्वतः तर सगळ्यांच्या आधी म्हणाली. कापूस संपला, उलंगवाडी झाली, शेतं उघडी पडली, तरी तिचा खोकला थांबेना. तेव्हा सून तिला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली. टीबी निघाला.

सुनेचं नाव वनिता. वडनेरची पोरगी, हिंगणघाट तालुक्यातली. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्यानं लपायला जागा शोधावी अशी. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तिला बजावून सांगितलं होतं की गोळ्या लांबच्या आहेत, एकही दिवस मोडू द्यायच्या नाहीत, मोडल्या तर आजार परत येईल आणि येताना जास्त मस्तवाल होऊन येईल. वनितानं ते पक्कं धरलं. रोज सकाळी सासूपुढं पाण्याचा गिलास घेऊन बसायची आणि गोळी गिळल्यावर "आ करा" म्हणायची. मावशी चिडायची, "माही सासूबी इतकी खत्रूड नोती." उन्हाळाभर मावशी भरून आली. गालांवर पुन्हा मांस दिसू लागलं.

पण मला त्या काळात एक वाईट सवय लागली. मावशी हसली की मी तिच्या हसण्याच्या शेवटाकडे कान लावायची. आजारात तिचं हसणं नेहमी खोकल्यात जाऊन पडायचं. उन्हाळ्यात ते पडेनासं झालं. पोळ्याच्या सुमाराला पुन्हा पडायला लागलं.

दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या होत्या.

"वरून नाई आल्या म्हन्ते," वनिता बाबांकडे येऊन सांगून गेली. "चारदा चक्कर मारली, भाऊ. वरून आल्या की देतो म्हन्ते."

हे 'वरून' मी पुढं आयुष्यभर ऐकत आले. पाऊसही वरून येतो, गोळ्याही वरून येतात, आणि दोन्ही आले नाहीत तर खालच्यानं मान वर करून बसायचं. दवाखान्यानं जिल्ह्याकडे बोट दाखवायचं, जिल्ह्यानं मुंबईकडे, मुंबईनं दिल्लीकडे. दिल्ली कुणाकडे बोट दाखवते ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पुढं पेपरात वाचून कळलं की दिल्लीच्याही वर समुद्रापलीकडे कुणीकुणी आहेत, आणि जगातल्या अशा आजारांचे पैसे किती द्यायचे याची घासाघीस तिथंही चालते.

बाबा काही हलले नाहीत असं नाही. त्यांना मावशीबद्दल मनापासून वाटायचं. ते लगबगीनं उठले, जिल्ह्याला गेले आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीनं काम केलं. दसऱ्याच्या आत त्यांनी दवाखान्यासमोर रोग्यांना बसायला पत्र्याचं शेड मंजूर करून, उभं करून दाखवलं. छान, गार, सिमेंटच्या बाकांचं. वर पाटी. बाबा आनंदानं वनिताला म्हणाले, "आता उन्हात उभं राहा लागत नाई."

वनिता शेडकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शेडमंदी बसून खोकलू काय, भाऊ?"



कापूस तर कुणासाठी थांबत नाही. दिवाळी झाली आणि शेत पांढरं दिसायला लागलं. आमच्याकडे पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादही करतात. धुऱ्याजवळच्या, म्हणजे शेताच्या बांधाजवळच्या, एका चांगल्या कपाशीखाली खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा भात शेतात शिंपडायचा आणि मग पहिल्या बोंडाला हात लावायचा. मला हा दिवस दिवाळीपेक्षा आवडायचा. थंड भाताचा, दह्याचा आणि ओल्या मातीचा वास एकत्र येतो आणि भूक लागते.

त्या दिवसाचा आणखी एक रिवाज होता. नैवेद्य झाला की बाया वेचायला वाकायच्या नाहीत. धुऱ्यावर रांगेनं बसायच्या. वेचणीचा भाव ठरल्याशिवाय उठायचं नाही. दरवर्षी हे नाटक मावशी आणि बाबा रंगवायचे. मावशी आकाशातला भाव सांगायची, बाबा छातीवर हात ठेवायचे, मावशी "चला वो बायाहो, दुसऱ्याच्या वावरात" म्हणून उठल्यासारखं करायची, बाबा "बस, बस, माय" म्हणायचे, आणि जो भाव दोघांनाही पहाटेपासून ठाऊक असायचा त्यावर टाळी पडायची. आई म्हणायची, यांच्या नाटकाला तिकीट लावा.

त्या वर्षी बाया बसल्या, पण मावशी रांगेत नव्हती. ती लांब, बाभळीखाली, तोंडाला पदर लावून बसली होती. येऊ नको म्हटलं तरी आली होती. सीतादहीला न येणं तिला अपशकुनासारखं वाटत असावं. आभाळ भरून आलं होतं. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला तर काय होतं ते बाबांना सांगायला नको होतं. त्यांनी घाईनं, न मागताच, वाढवून भाव सांगितला.

कुणी उठलं नाही.

बाबांनी आणखी वाढवला. बाया पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसल्या.

"काऊन वो? काय झालं?" बाबांनी विचारलं.

वनिता उभी राहिली. "भाव मागच्याच सालचा राहू द्या, भाऊ. वाढून नाई पायजे. आमाले टीबीच्या गोया पायजे."

बाबांना हायसं वाटलं. एवढंच ना! "अवं, कौसाच्या गोया मी इकत आनतो. आजच मानूस धाडतो वर्ध्याले. माही घरचीच हाय ते."

"धाडा. तिच्या आना," वनिता म्हणाली. "पन एका कौसल्याच्या गोयानं टोळीचा खोकला जाते काय? ह्या साऱ्या तिच्या बाजूले बसून भाकर खाते. ह्याइच्यात कोनाले कापूस बाधला अन् कोनाले टीबी झाला, मले सांगा. तिकडं वडनेरले माह्या भयनीच्या सासऱ्याच्याबी गोया मोडल्या. थ्याच्या वावरात तुमी जानार काय?"

बाबांनी इकडं तिकडं पाहिलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माह्या हातात पूल हाय वो, पोरी. गोया नाई."

"मंग पुलाच्या गोया करा," वनिता म्हणाली आणि खाली बसली.

आभाळ गडगडलं. बाया हलल्या नाहीत. बाभळीखालून मावशी ओरडली, "अवो, उठा ना! भाऊचा कापूस भिजते ना!" आणि ओरडण्याच्या श्रमानं तिला जो खोकला लागला तो थांबेचना. सगळं शेत ते ऐकत होतं. बाबाही ऐकत होते. माझे बाबा भाषणं करणारे, हारतुरे घेणारे. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला वाटलं, बाबांनी हा खोकला आज पहिल्यांदाच ऐकला. मला त्यांची फार कीव आली, आणि फार अभिमानही वाटला, कारण त्यांनी मान फिरवली नाही.

"करतो," बाबा म्हणाले. "पुलाच्या गोया करतो. उठा आता."

टाळी त्यांनी वनिताला दिली. पाऊस त्या दिवशी आला नाही, तेवढं नशीब.

पुढचं बाबांच्याच तोंडून ऐकावं असं आहे, ते अजून रंगवून सांगतात. जिल्हा परिषदेच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या नाल्यावरच्या पुलाचे पैसे काढून घ्या आणि जिल्ह्याच्या सगळ्या दवाखान्यांसाठी टीबीच्या गोळ्या घ्या, वरून येतील तेव्हा येतील. आधी सगळ्यांना वाटलं, हे गमतीनं बोलत आहेत. मग कुणी म्हणालं, असं करता येत नाही. कुणी म्हणालं, ते वरच्यांचं काम आहे. बाबा म्हणाले, "वरच्याले सांगतच राहू. तवरोक खालच्यानं मराव काय?" मागून कुणीतरी म्हणालं, पुलाच्या भाऊले खोकला झाला. सभा हसली. बाबाही हसले, आणि पुढच्या सभेत पुन्हा तेच घेऊन उभे राहिले. शाळेच्या छपराचा विषय असो, विहिरीचा असो, बाबा फिरून फिरून गोळ्यांवर येत. लोक कंटाळले. आमदार भेटले, त्यांना सांगितलं. खासदार एका लग्नात सापडले, अक्षता हातात असताना त्यांना सांगितलं. आईनं त्यांच्याबरोबर लग्नाला जायचं बंद केलं.

त्यांना ते अवघड गेलं, हे मला माहीत आहे. पूल मागणाऱ्याच्या मागे गाव उभं राहतं. गोळ्या मागणाऱ्याच्या मागे कोण? आजारी माणूस घरात पडलेला असतो, आणि बरा झालेला कापूस वेचायला निघून जातो. जो आजारी पडलाच नाही, त्याला तर ठाऊकच नसतं की त्याच्यासाठी कुणी भांडलं. बाबांना पाटीची सवय होती. एका रात्री जेवणानंतर सुपारी कातरत ते मला म्हणाले होते, "बऱ्या झालेल्या मानसाले पाटी कुठी लावते वो?"

पैसे शेवटी वळले. संक्रांतीच्या आसपास दवाखान्यात गोळ्या आल्या, वडनेरकडेही गेल्या. बाबांनी मधल्या दिवसांत विकत आणलेल्या गोळ्यांवर मावशी तगली होती. डॉक्टरनं सगळं पहिल्यापासून सुरू केलं, वर सुयाही लावल्या. टोळीतल्या सगळ्या बायांची थुंकी तपासली. आणखी एकीला टीबी निघाला. कापूसच बाधला असं ती समजत होती. वनिताचा गिलास आणि "आ करा" पुन्हा सुरू झालं. पुढच्या सीतादहीला मावशी रांगेत बसली होती, बारीक झालेली, पण आकाशातला भाव सांगत.

पुढं मोठी योजना आली. प्रत्येक रोग्याच्या नावाचा गोळ्यांचा वेगळा डबा दवाखान्यात येऊ लागला. एकदा तुमचा डबा आला की त्यातल्या गोळ्या तुमच्याच. तो डबा दाखवायला मी बाबांना दवाखान्यात घेऊन गेले होते. त्यांनी तो हातात घेतला, वरचं नाव वाचलं, कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं होतं, आणि हळूच परत ठेवला. "पाटी बरोबर जागी लावली यायनं," असं म्हणाले.

आता बाबा सदस्य नाहीत. गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण पेपर अजून पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचतात. परवा मी गावी गेले तर पेपर माझ्यापुढं धरून बसले होते. जगात मंदी आहे, म्हणून अशा आजारांसाठी देशोदेशीची सरकारं देतात तो पैसा कमी होईल की काय, अशी काहीतरी बातमी होती.

"काऊन कमी करून राह्यले हे? खोकला कमी झाला म्हनून?"

"तसंच असेल, बाबा."

"अवं, पैसा देल्ला म्हनून तं कमी झाला ना!" बाबांचा आवाज चढला. "तिकडं यायच्या धुऱ्यावर बसाले कोनी नाई काय?"

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. जगातल्या त्या मोठ्या टेबलांभोवती कोण बसतं ते मला माहीत नाही. चांगली माणसंही असतील, माझ्या बाबांसारखी, मनापासून शेड बांधून देणारी. त्यांच्यासमोर कधी एखादी वनिता उभी राहते का, एवढंच विचारावंसं वाटतं.

यंदा सीतादहीला बाबा हट्टानं शेतात यायला निघाले. नाला तसाच आहे. तो पूल पुन्हा मंजूर झालाच नाही. नवे सदस्य आले, त्यांचे नवे ओढे होते. आम्ही दहीभाताचं गाठोडं घेऊन काठावर आलो. बाया पुढं गेल्या होत्या. बाबांनी धोतर वर घेतलं, पाण्यात एक पाय टाकला आणि थबकले. दगड शेवाळलेले, गुडघे थरथरणारे. मी हात धरणार, तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कौसल्यामावशी परत फिरली. आता केस सगळे पांढरे, पण पाठ ताठ. लुगडं खोचून ती सरळ पाण्यात उतरली, मध्यापर्यंत आली आणि तिनं हात पुढं केला.

"धरा, भाऊ. मी हाओ."

बाबांनी तिचा हात धरला. दोघं हळूहळू नाल्याच्या मध्यावर आली, जिथं कधीकाळी बाबांच्या डोळ्यांपुढं पूल उभा होता. तिथं बाबा थांबले. काठाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि म्हणाले, "कौसा, मंग पाटी कुठी लावू सांग."

"लावा माह्या कपायावर," मावशी मोकळ्या हातानं कपाळ दाखवत म्हणाली. "पन आंदी पाय उचला. पानी लय थंडं हाय."

आणि ती हसली. तिचं ते जुनं, अख्ख्या शेताला ऐकू जाणारं हसणं. माझा कान आपोआप शेवटाकडे लागला. बराच वेळ तो तसाच लागून राहिला. हसणं संपलं, पाण्याचा आवाज तेवढा राहिला, आणि मागून खोकला आला नाही.